शाळा कोणी बंद केल्या? प्रिन्स एडवर्ड काउंटीतील सार्वजनिक शिक्षणाचा इतिहास (१९५१-१९६४)

१

'पब्लिक स्कूल' हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या मनात भारी शुल्क आकारणाऱ्या, बहुधा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी वसलेल्या निवासी शाळेचे चित्र उभे राहते. हा अर्थ आपल्याकडे इंग्लंडातून आला. अमेरिकेत मात्र त्याच शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट आहे. तेथे सार्वजनिक शाळा म्हणजे स्थानिक करांतून व राज्याच्या अनुदानातून चालणारी, शुल्क न घेणारी आणि त्या त्या प्रदेशाच्या शाळा मंडळाच्या अखत्यारीतील शाळा. एका शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ व्हावेत यात भाषाभ्यासकाला नवल वाटण्याजोगे काही नाही. परंतु एकाच गावात, एकाच काळी, एकाच शब्दाचे दोन अर्थ मानणारे दोन समाज शेजारी शेजारी राहत असतील आणि त्यांच्यातील वाद न्यायालयात जाऊन पोचला असेल, तर तो विषय केवळ कोशकाराचा राहत नाही, इतिहासकाराचाही होतो. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत विसाव्या शतकाच्या मध्यास जे घडले, ते या प्रकारचे होय.

या इतिहासाचा पट समजण्यासाठी तेथील शाळांची घटना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. व्हर्जिनियात शाळांच्या कारभाराचे मूळ एकक काउंटी हे असे. शाळा चालविणे हे शाळा मंडळाचे काम. या मंडळाचे सदस्य त्या काळी लोकांनी निवडून दिलेले नसत, नेमलेले असत. शिवाय कर बसविण्याचा अधिकार या मंडळाला नव्हता. कर बसवून शाळांसाठी दरवर्षी रक्कम मंजूर करणे हे काउंटीच्या निर्वाचित पर्यवेक्षक मंडळाच्या हाती होते. म्हणजे शाळा एकाने चालवावयाची आणि तिच्या खर्चाची तरतूद दुसऱ्याने करावयाची, अशी ही द्विदल व्यवस्था होती. सामान्य काळात या दोन दलांमधील सांधा कोणाच्या लक्षातही येत नसे. १९५९ साली तो उकलला.

२

प्रिन्स एडवर्ड काउंटी ही अपोमॅटॉक्स नदीच्या दक्षिण तीरावरील तंबाखूच्या शेतीचा प्रदेश. १९५० च्या सुमारास तिची लोकसंख्या १५ हजारांच्या आसपास होती व तीत कृष्णवर्णीयांचा भाग निम्म्याहून थोडा कमी होता. फार्मव्हिल हे तिचे मुख्य गाव. अध्यापिका तयार करणारे लाँगवुड महाविद्यालय त्या गावात होते, तर १७७५ पासून चालत आलेले हॅम्पडन-सिडनी महाविद्यालय काही मैलांवर होते. ज्या काउंटीने पुढे पाच वर्षे शाळांविना काढली, ती विद्येला पारखी झालेली काउंटी नव्हती, ही गोष्ट नमूद करणे अवश्य आहे.

या प्रदेशाची स्मृती यादवी युद्धाशी निगडित आहे. १८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल रॉबर्ट ई. ली याचे थकलेले सैन्य फार्मव्हिलवरून पश्चिमेकडे गेले आणि अवघ्या काही दिवसांत अपोमॅटॉक्स कोर्ट हाउस येथे त्याने शरणागती पत्करली. परंतु काउंटीची आणखीही एक स्मृती आहे. रिचर्ड रँडॉल्फ या जमीनदाराने १७९६ मध्ये मृत्यूपूर्वी मृत्युपत्राद्वारे आपल्या गुलामांना मुक्त केले होते. त्यांपैकी सुमारे ९० जणांना १८१० च्या सुमारास फार्मव्हिलनजीक जमीन मिळाली आणि त्यांनी तेथे आपली वसाहत थाटून तिला 'इझ्रायल हिल' असे नाव दिले. स्वातंत्र्य, जमीन आणि नाव या तिन्हींचे मोल जाणणारा कृष्णवर्णीय समाज या काउंटीत यादवी युद्धाच्या अर्धशतक आधीपासून नांदत होता.

व्हर्जिनियात सर्वांसाठी मोफत शाळा आल्या त्या युद्धानंतर. १८६७-६८ च्या ज्या घटना परिषदेने त्यांचा पाया घातला, तीत कृष्णवर्णीय प्रतिनिधीही बसले होते. १९०२ च्या राज्यघटनेने मात्र एका हाताने राज्यभर कार्यक्षम मोफत सार्वजनिक शाळा चालविण्याचे बंधन घातले, दुसऱ्या हाताने गोऱ्या व काळ्या मुलांना एका शाळेत शिकविण्यास मनाई केली, आणि मतदानासाठी डोईपट्टी भरण्याची अट घालून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला. १८९६ च्या प्लेसी खटल्यापासून 'अलग परंतु समान' हे सूत्र देशभर कायदेशीर ठरलेच होते. या सूत्रातील 'परंतु' हे उभयान्वयी अव्यय विचार करण्याजोगे आहे. 'अलग' आणि 'समान' यांत स्वभावतः विरोध आहे हे ते अव्यय स्वतःच कबूल करते. पुढील अर्धशतकात पूर्वपद काटेकोरपणे पाळले गेले आणि उत्तरपद शोभेपुरते राहिले.

३

फार्मव्हिलमधील रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल हे या उत्तरपदाचे उदाहरण होते. ही विटांची इमारत १९३९ मध्ये सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी उभारण्यात आली. १९५१ पर्यंत तीत साडेचारशेहून अधिक विद्यार्थी झाले होते. त्यांची सोय म्हणून पटांगणात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली गेली. पावसात ती गळत, आणि हिवाळ्यात शेगडीजवळचा विद्यार्थी घामाघूम होई तर दाराजवळचा काकडे. शाळेत व्यायामशाळा नव्हती, भोजनगृह नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. गोऱ्या मुलांच्या फार्मव्हिल हायस्कुलात या सोयी होत्या. पालक शाळा मंडळाकडे वर्षानुवर्षे खेटे घालीत आणि आश्वासन घेऊन परतत.

२३ एप्रिल १९५१ रोजी हा क्रम विद्यार्थ्यांनीच मोडला. १६ वर्षांच्या बार्बरा रोझ जॉन्स या विद्यार्थिनीने मोजक्या सहकाऱ्यांसह गुप्तपणे योजना आखली होती. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना दूरध्वनीवरून एका खोट्या निरोपाने गावात बोलावून घेण्यात आले. मग त्यांच्याच नावाने वर्गावर्गांत चिठ्ठ्या जाऊन सारी शाळा सभागृहात जमली. पडदा उघडला तेव्हा व्यासपीठावर मुख्याध्यापक नव्हते, बार्बरा जॉन्स होती. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि नवी इमारत मिळेपर्यंत वर्गांत न बसण्याचे आवाहन केले. विद्यार्थ्यांनी या कृतीला 'संप' हा कामगार चळवळीतील शब्द लावला. विनंतीअर्जाच्या भाषेकडून हक्काच्या भाषेकडे जाण्याचे हे पहिले पाऊल होते.

विद्यार्थ्यांची मूळ मागणी एकत्र शाळांची नव्हती, चांगल्या शाळेची होती, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. त्यांच्या बोलावण्यावरून राष्ट्रीय कृष्णवर्णीय उन्नती संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन रिचमंडहून आले. समान सोयींसाठी भांडण्याचे दिवस सरले असून अलगपणालाच आव्हान देण्याची तयारी असेल तरच वकीलपत्र स्वीकारू, असे त्यांनी सांगितले. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांनी आपल्या चर्चचे दार सभांसाठी उघडून दिले, आणि समाजाने पुष्कळ खल करून ही अट मान्य केली. २३ मे १९५१ रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. यादीतील पहिले नाव डोरोथी डेव्हिस या विद्यार्थिनीचे असल्याने तो डेव्हिस खटला म्हणून ओळखला जातो.

या धैर्याची किंमत लगेच मोजावी लागली. मुख्याध्यापक जोन्स यांची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. बार्बराच्या सुरक्षिततेसाठी तिच्या आईवडिलांनी तिला अॅलाबामातील माँटगोमेरी येथे चुलते व्हर्नन जॉन्स यांच्याकडे धाडले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याआधी डेक्स्टर अॅव्हेन्यू चर्चचे धर्मोपदेशक असलेले ते हेच व्हर्नन जॉन्स. काउंटीने घाईघाईने नवे मोटन हायस्कूल बांधून १९५३ मध्ये उघडले. म्हणजे संपाची पहिली मागणी दोन वर्षांत पूर्ण झाली, परंतु तोवर प्रश्न इमारतीच्या पलीकडे गेला होता.

४

१९५२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने डेव्हिस खटल्याचा निकाल काउंटीच्या बाजूने दिला. सोयी समान करा, पण अलगपणा राहू द्या, असा त्याचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयात तो इतर चार खटल्यांबरोबर ऐकला गेला आणि १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्याच्या नावाने सर्वांचा मुख्य निर्णय लागला: सार्वजनिक शिक्षणात 'अलग परंतु समान' या तत्त्वाला स्थान नाही. या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला खटला हा एकच होय.

निर्णयाची अंमलबजावणी कशी व्हावी हे सांगणारा आदेश ३१ मे १९५५ रोजी निघाला. 'सर्व विचारपूर्वक त्वरेने' असे त्यातील शब्द होते. विशेषण एका दिशेला आणि विशेष्य दुसऱ्या दिशेला ओढणाऱ्या या पदबंधातून दक्षिणेतील राज्यांनी 'विचारपूर्वक' तेवढे उचलले. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी १९५६ मध्ये 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली. त्याच वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती करून खाजगी शाळांत जाणाऱ्या मुलांना सरकारी शुल्क-अनुदान देण्याची वाट मोकळी करण्यात आली. जी शाळा मिश्र होईल ती राज्याने बंद करावी असेही कायदे झाले, आणि १९५८ च्या शरदात फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल व नॉरफोक येथील काही शाळांना कुलपे लागली. १९ जानेवारी १९५९ रोजी राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने व संघीय न्यायालयाने, एकाच दिवशी, हे कायदे अवैध ठरविले. त्यानंतर विधिमंडळाने प्रतिकाराचा भार राज्यावरून काउंट्यांवर टाकला. शाळेतील सक्तीच्या हजेरीचा राज्यव्यापी कायदाही त्याच वर्षी रद्द करण्यात आला.

प्रिन्स एडवर्डमध्ये या क्षणाची तयारी आधीपासून चालू होती. १९५५ च्या जूनमध्ये लाँगवुडच्या सभागृहात गोऱ्या नागरिकांची मोठी सभा होऊन खाजगी शाळांसाठी वर्गणीची वचने घेण्यात आली. मिश्र शाळांपेक्षा सार्वजनिक शाळा सोडून देणे बरे, अशा आशयाच्या निवेदनावर १९५६ मध्ये चार हजारांवर गोऱ्या नागरिकांनी सह्या केल्या. 'फार्मव्हिल हेरल्ड' या स्थानिक पत्राचे प्रकाशक बॅरी वॉल हे या पक्षाचे प्रमुख प्रवक्ते होते. याला गोऱ्या समाजातच विरोध करणारेही होते. लाँगवुडचे अधिष्ठाते गॉर्डन मॉस यांनी सार्वजनिक शाळांची बाजू उघडपणे घेतली आणि त्यासाठी सामाजिक बहिष्कार सोसला. तथापि असे लोक थोडे होते.

५

मे १९५९ मध्ये संघीय अपील न्यायालयाने प्रिन्स एडवर्डला त्याच सप्टेंबरपासून मिश्र शाळांचा प्रारंभ करण्याचा आदेश दिला. जूनमध्ये पर्यवेक्षक मंडळाने नव्या वर्षासाठी सार्वजनिक शाळांना एक डॉलरही मंजूर न करण्याचे ठरविले.

येथे क्रियापदाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. मराठीत 'शाळा बंद केली', 'शाळा बंद झाली' आणि 'शाळा बंद पडली' अशी तीन वाक्ये संभवतात. पहिल्यात कर्ता आहे. दुसऱ्यात तो दडलेला आहे. तिसऱ्यात तो असण्याची गरजच उरत नाही, कारण गिरणी बंद पडावी किंवा घड्याळ बंद पडावे तशी ती घटना आपोआप घडल्यासारखी वाटते. काउंटीची कायदेशीर भूमिका या तिसऱ्या वाक्याच्या वळणाची होती. कोणीही कुलूप लावण्याचा हुकूम काढला नव्हता. कोणालाही वंशावरून प्रवेश नाकारला नव्हता. शाळा मंडळ जागच्या जागी होते, इमारती जागच्या जागी होत्या. एक मंडळ पैसे देत नव्हते आणि दुसऱ्याजवळ पैसे नव्हते. शाळा गोऱ्यांनाही बंद आणि काळ्यांनाही बंद. मग भेदभाव कोठे आहे, असा हा युक्तिवाद होता.

तो युक्तिवाद शाळांच्या दारापाशी येऊन थांबत होता. सप्टेंबर १९५९ मध्ये प्रिन्स एडवर्ड अॅकॅडमी या खाजगी संस्थेने चर्चमध्ये व गावातील मिळेल त्या जागेत सुमारे १,५०० गोऱ्या मुलांचे वर्ग भरविले. पहिले वर्ष देणग्यांवर निभावले. पुढील वर्षापासून राज्याचे व काउंटीचे शुल्क-अनुदान आणि देणगीदारांना स्थानिक करात सूट यांचा आधार मिळाला. ज्या तिजोरीतून सार्वजनिक शाळेला काही मिळत नव्हते, तिच्यातूनच खाजगी शाळेच्या विद्यार्थ्याला शुल्क मिळत होते. कृष्णवर्णीय मुलांसाठी अशी व्यवस्था नव्हती. त्यांची संख्या १,७०० च्या आसपास होती.

डिसेंबर १९५९ मध्ये काही गोऱ्या पुढाऱ्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठीही एक खाजगी शाळा-संस्था नोंदवून अर्ज मागविले. केवळ एक अर्ज आला. शाळेवाचून घरी बसलेल्या मुलांच्या आईबापांनी समोर आलेली शाळा नाकारावी, हे वरवर पाहता अनाकलनीय वाटते. परंतु ती स्वीकारणे म्हणजे न्यायालयात मिळालेला हक्क स्वहस्ते सोडणे, हे त्यांना उमगले होते. हा निर्णय प्रौढांनी घेतला आणि त्याचा भार मुलांनी वाहिला. या इतिहासातील सर्वांत कठीण जागा ती हीच, आणि तिचे उत्तर सोपे करून सांगणे अन्यायाचे होईल.

६

पाच वर्षे हा मोठा काळ आहे. सहा वर्षांचे जे मूल १९५९ मध्ये पहिलीत जावयाचे, ते शाळा पुन्हा उघडेपर्यंत अकरा वर्षांचे झाले. बारा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांचा होऊन तंबाखूच्या शेतात कामाला लागला. ज्यांना शक्य होते त्यांनी मुलांना शेजारच्या काउंट्यांत वा उत्तरेकडील राज्यांत नातलगांकडे पाठविले. वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांना ग्रिफिन यांच्या प्रयत्नाने नॉर्थ कॅरोलायनातील किट्रेल महाविद्यालयाने सामावून घेतले. क्वेकर पंथीयांच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीने १९६० पासून काही विद्यार्थ्यांची परराज्यांतील कुटुंबांत राहून शिकण्याची सोय केली. उरलेल्या मुलांसाठी चर्चच्या तळघरांत स्त्रियांनी 'प्रशिक्षण केंद्रे' चालविली. या केंद्रांना 'शाळा' हे नाव जाणूनबुजून देण्यात आले नाही, कारण शाळा अस्तित्वात आहे असा पुरावा काउंटीच्या हाती जाऊ नये, ही दक्षता होती.

१९६३ मध्ये संघीय शासनाच्या पुढाकाराने आणि खाजगी देणग्यांतून माजी गव्हर्नर कोल्गेट डार्डन यांच्या अध्यक्षतेखाली 'प्रिन्स एडवर्ड फ्री स्कूल्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली आणि नील सलिव्हन यांच्याकडे तिची सूत्रे आली. त्या सप्टेंबरात सुमारे १,५०० मुले वर्गांत बसली. त्यांत मोजकी गोरी मुलेही होती. 'फ्री' या शब्दाचे इंग्रजीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन्ही अर्थ होतात, आणि येथे ते दोन्ही लागू पडत होते. वयावरून इयत्ता ठरविणे अशक्य झाले होते. त्यामुळे इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जितके येते तेथून त्याला शिकविण्याची पद्धत अवलंबावी लागली. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट ग्रीन यांच्या पथकाने त्या काळात या मुलांची पाहणी केली आणि शाळेपासून दूर राहिलेल्या मुलांची शैक्षणिक हानी नोंदविली. वाचन-लेखन हे बोलण्याप्रमाणे आपोआप येत नाही, ते कोणीतरी शिकवावे लागते, हे भाषाशास्त्रातील प्राथमिक सत्य येथे एका संपूर्ण समाजाच्या अनुभवावरून सिद्ध झाले.

७

दरम्यान खटला चालूच होता. १९६३ च्या डिसेंबरात व्हर्जिनियाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने असा निर्णय दिला, की शाळा चालविण्यासाठी रक्कम मंजूर करण्याची सक्ती राज्यघटना काउंटीवर करीत नाही. २५ मे १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ काउंटीच्या संरक्षणास पुरेसा नाही असे ठरविले. ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालपत्र लिहिले. प्रिन्स एडवर्डच्या सार्वजनिक शाळा बंद करून खाजगी शाळांना साह्य देण्यामागे गोरी व काळी मुले एका शाळेत येऊ नयेत हे एकच कारण होते, असे त्यात म्हटले होते. केवळ 'विचारपूर्वक त्वरे'चा काळ संपला आहे असेही त्यांनी बजावले, आणि आवश्यक तर पर्यवेक्षकांना कर बसवून शाळांसाठी पैसा उभारण्याचा आदेश खालचे न्यायालय देऊ शकेल, हे स्पष्ट केले.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर न्यायालयाने दडलेला कर्ता वाक्यात परत आणला. पैसे न देणे ही देखील एक कृती आहे आणि तिला करणारा कोणीतरी असतो, हे या निकालाचे सार होय.

पर्यवेक्षक मंडळाने त्या जूनमध्ये सार्वजनिक शाळांसाठी १,८९,००० डॉलर मंजूर केले, आणि त्याच वेळी खाजगी शाळांच्या शुल्क-अनुदानासाठी ३,७५,००० डॉलर. सप्टेंबर १९६४ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा तेथे आलेली बहुतेक सर्व मुले कृष्णवर्णीय होती. कायद्याने अलगपणा गेला होता, व्यवहारात तो अॅकॅडमीच्या रूपाने पुढे दोन दशके टिकला. वंशभेदी प्रवेशामुळे त्या संस्थेची करमुक्तता १९७८ मध्ये गेली. १९८६ मध्ये तिने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, आणि १९९३ मध्ये एका देणगीदाराच्या नावावरून तिचे फुक्वा स्कूल असे नामांतर झाले. सार्वजनिक शाळांत गोरी मुले हळूहळू परतली.

८

पुढील काळात या प्रकरणाची परतफेड करण्याचे काही प्रयत्न झाले. जुन्या मोटन हायस्कूलला १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला व पुढे तेथे संग्रहालय झाले. २००३ मध्ये शाळाबंदीत सापडलेल्यांना, तोवर पन्नाशी-साठीला आलेल्या त्या माणसांना, सन्माननीय पदविका देण्यात आल्या. २००४ मध्ये त्यांच्यासाठी राज्याने शिष्यवृत्ती सुरू केली. २००८ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने न्यायालयाच्या मनोऱ्यात बार्बरा जॉन्स व मोटनच्या विद्यार्थ्यांच्या सन्मानार्थ दिवा लावला. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला जनरल ली याचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये हलविण्यात आला, आणि त्याच्या जागेसाठी राज्याच्या आयोगाने बार्बरा जॉन्स हिची निवड केली. १८६५ मध्ये फार्मव्हिलवरून गेलेला सेनापती आणि १९५१ मध्ये फार्मव्हिलच्या शाळेत उभी राहिलेली विद्यार्थिनी यांच्यातील हा बदल केवळ पुतळ्यांचा नाही. 'व्हर्जिनियाचे लोक' या शब्दात कोण मोडते, याचे ते नवे उत्तर आहे.

या काळात ज्यांचे शिक्षण बुडाले, त्यांना इंग्रजीत 'हरवलेली पिढी' म्हणण्याचा प्रघात पडला. या पदबंधावरही विचार होणे इष्ट आहे. ही पिढी हरवलेली नव्हती. तिचा ठावठिकाणा सर्वांना ठाऊक होता. ती मुले त्याच गावात होती, बंद शाळांसमोरून रोज जात-येत होती, आणि गोऱ्या मुलांना नेणाऱ्या गाड्या पाहत होती.

सार्वजनिक शाळेची इमारत टिकते, तिचे मंडळ टिकते, राज्यघटनेतील कलमही टिकते. पण शाळा चालते ती दरवर्षी मंजूर होणाऱ्या रकमेवर, म्हणजे आपल्या शेजाऱ्याचे मूल हे आपल्याही जबाबदारीचे आहे या दरवर्षी नव्याने दिलेल्या संमतीवर. प्रिन्स एडवर्डमध्ये १९५९ साली ही संमती काढून घेतली गेली. ती परत मिळविण्यासाठी तेथील समाजाला पाच वर्षे लागली, आणि त्या पाच वर्षांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना त्या निर्णयात मत नव्हते.